सहाव्या ओळीतली जागा

आमच्या गावच्या ड्रेसर फील्डवर, म्हणजे बेसबॉलच्या मैदानावर, तिसऱ्या बेसच्या अंगाला जो विभाग आहे, तिथे तिकिटावरच्या नंबराला कुणी विचारत नसे. नंबर होते, नाही असं नाही. पण बाकांच्या फळ्यांवर रंगवलेले ते आकडे इतक्या उन्हाळ्यांत माणसांच्या बुडाखाली घासून केव्हाच निघून गेले होते, आणि क्लबाने ते पुन्हा रंगवायची तसदी कधी घेतली नाही. तिथे कोण कुठे बसणार हे आर्लिस ब्रुगमन ठरवायची. हातात जाड लोकरी मोजा चढवून बाक पुसायची, "इथे बसा" म्हणायची, आणि भलेभले मुकाट बसायचे. एकदा तर तिने गावच्या मेयरला खांबामागे बसवलं. का, तर म्हणे याला खेळ बघायचाच नाहीये, याला नुसतं फिरून लोकांचे हात हातात घ्यायचेत, मग चांगली जागा कशाला अडवायची? मेयर बसला बिचारा. पुढच्या निवडणुकीत निवडूनही आला.

तिचं गणित साधं होतं. कमी ऐकू येणाऱ्याला लाउडस्पीकरखाली. पंचांना शिव्या देणाऱ्याला चर्चवाल्यांपासून चार ओळी लांब. तान्ह्या मुलांच्या आया जिन्याच्या कडेला, म्हणजे पोर रडलं की पटकन उठता येतं. आणि नवरा-बायको घरून भांडून आले असतील तर दोघांच्या मध्ये एक बडबड्या माणूस. भांडून आलेत हे हिला कसं कळायचं कोण जाणे, पण कळायचं खरं.

हे काम तिच्याकडे कसं आलं तेही सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. आमच्या लिंडन फॉल्स गावात तेव्हा मक्याचे दाणे डब्यात भरायचा कारखाना होता. आर्लिस तिथे कामाला, तिचा नवरा ड्वेनही तिथेच. एका हिवाळ्यात ड्वेनला आयोवाची थंडी सोसवेना, म्हणून तो ॲरिझोनाला निघून गेला. कारखान्याच्या कँटीनमधली एक बाईही त्याच्याबरोबर गेली, तिलाही थंडी सोसवत नसावी. त्याच वर्षी कारखाना बंद पडला. पदरात दोन पोरं, नॅडीन आणि कर्ट. आर्लिसने शाळेच्या स्वयंपाकघरात काम धरलं, पण उन्हाळ्यात शाळा बंद, म्हणजे स्वयंपाकघरही बंद. मग संध्याकाळच्या सामन्यांना लोकांना जागा दाखवायचं हे काम मिळालं. पोरांना घरी एकटं कसं ठेवायचं? पहिल्या संध्याकाळी तिने दोघांना सहाव्या ओळीत नेऊन बसवलं आणि तिथल्या लोकांना म्हणाली, "जरा लक्ष ठेवाल का, तासभर?" तो तास नऊ उन्हाळे चालला.

सहाव्या ओळीने ती पोरं वाढवली असं म्हटलं तरी चालेल. रोलँड फिच शाळेची बस चालवायचा. त्याने कर्टला पंचांवर ओरडायला शिकवलं, आणि कुठल्या शब्दापाशी थांबायचं तेही शिकवलं. त्याची बायको मार्व्हेल हॅमची सँडविचं आणायची ती कायम दोन जास्तीची. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी आयोन स्लेटन पोरांचे उसवलेले स्वेटर तिथल्या तिथे दुरुस्त करायची. आणि लव्हॉन क्विस्ट. लव्हॉनला मूल नव्हतं. ती पेन्सिल घेऊन दर सामन्याचा गुणतक्ता मांडायची, एकेक चेंडू टिपायची, आणि त्याच कागदाच्या मागे तिने नॅडीनला भागाकार शिकवले. नॅडीन आता डेमॉइनला औषधाच्या दुकानात मोठ्या हुद्द्यावर आहे. तिला विचाराल तर सांगते, मला बेरजा बाईंनी शिकवल्या, भागाकार लव्हॉनने.

लव्हॉनचा नवरा डेल्मार ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. दोघं एकाच घोंगडीत गुडघे गुंडाळून बसायचे, आणि त्यांची सतत काहीतरी कुजबुज चाललेली असायची. मध्येच लव्हॉन इतक्या मोठ्याने हसायची की बॅट धरून उभा असलेला खेळाडू वळून बघायचा. या लव्हॉनचे आभार मानायचे आर्लिसने कितीदा तरी मनात घेतलं. पण आमच्याकडच्या माणसांची ती गत तुम्हाला माहीत नाही. कुणी आभार मानायला लागलं की समोरच्याला अंगावर पाल पडल्यासारखं होतं. आर्लिस तोंड उघडायची, तेवढ्यात लव्हॉन म्हणायची, "ते राहू दे गं, तो नवा पिचर चेंडू बरा टाकतो का?" आणि विषय संपायचा. आर्लिस म्हणायची, जाऊ दे, पुढच्या वेळी. मग एका जानेवारीत लव्हॉनला ताप आला, तापाचा न्यूमोनिया झाला, आणि पुढची वेळ काही आलीच नाही.

त्या एप्रिलला पहिल्या सामन्याला डेल्मार एकटा आला. आर्लिसने बाक पुसला. हाताला सवय, दोघांपुरता पुसला. डेल्मार आपल्या नेहमीच्या जागी बसला आणि शेजारी एका माणसापुरती पुसलेली, ओली फळी तशीच राहिली. पलीकडून रोलँड आला. त्याने ती ओली फळी बघितली, आर्लिसच्या तोंडाकडे बघितलं, आणि अंतर सोडून बसला. मार्व्हेल त्याच्या पलीकडे, आयोन त्यापलीकडे.

बाकाचं हेच तर बरं असतं. बाकावर मोकळी जागा सोडली तर ती सोडल्यासारखी दिसत नाही. माणूस जरा ऐसपैस बसलाय एवढंच वाटतं. त्या दिवसापासून सहाव्या ओळीत लव्हॉनची जागा राहिली ती राहिलीच. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाची आतषबाजी बघायला सगळं गाव लोटायचं, माणसं जिन्यावर बसायची, तेव्हासुद्धा आर्लिस त्या जागेच्या टोकाशी पहाऱ्याला उभी. एकदा तिची नजर चुकवून डुकरं पाळणारा एक परगावचा माणूस तिथे येऊन बसला. एक गडी बाद व्हायच्या आत रोलँडने त्याला उठवून नवव्या ओळीत पाठवलं. डेल्मारने टोपी जराशी उचलली. सगळ्यांना वाटलं, आभार मानतोय.

आर्लिसला मात्र ती जागा म्हणजे नुसती डेल्मारसाठी केलेली सोय नव्हती. लव्हॉनला जे सांगायचं राहून गेलं होतं ते ती दर सामन्याला तिथे पुसून ठेवायची. दुसरं काही तिच्या हातात उरलंच नव्हतं. हे तिने कुणाला सांगितलं नाही, सांगण्यासारखं ते होतंही नाही.

सहा वर्षं अशी गेली, आणि मग खुर्च्या आल्या.

सामने भरवणाऱ्या लीगकडून सांगणं आलं की लाकडी बाक काढा, नाहीतर संघ दुसऱ्या गावाला जाईल. आमचे लॅम्पलायटर्स दुसऱ्या गावाला जाणार म्हटल्यावर लोक खडबडून जागे झाले. क्लब सांभाळणारी कर्स्टन म्हणून एक तरुण मुलगी होती, कामाची आणि मनाने चांगली. तिने ऑक्टोबरात एक शनिवार ठरवला: ज्याला यायचंय त्याने आपापला पाना घेऊन यावं, बाक आपणच खोलू, म्हणजे उरलेल्या पैशांत खुर्च्या चांगल्या घेता येतील. अर्धं गाव आलं. बोल्ट असे गंजलेले की एकेकाला दोन-दोन माणसं लागायची. रोलँडच्या तोंडून त्या दिवशी जे शब्द निघाले ते त्याने कर्टला कधीच शिकवले नव्हते. फळ्यांच्या खालच्या बाजूला कित्येक पिढ्यांनी चिकटवलेलं च्युइंगगम दगडासारखं घट्ट झालेलं. जो तो आपापल्या जागेचा तुकडा कापून घरी नेत होता. कुणी ओसरीवर ठेवणार होतं, कुणी नुसतंच भिंतीला टेकवून.

रोलँडने लव्हॉनच्या जागेचा तुकडा स्वतः मोजून कापला, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि डेल्मारच्या हातात दिला. डेल्मार कितीतरी वेळ त्या फळीकडे बघत राहिला. मग त्याने टोपी उचलली आणि तुकडा गाडीत नेऊन ठेवला. मार्व्हेलला रडू आलं, तर तिने ते सँडविचला लावलेली मोहरीची चटणी तिखट होती यावर ढकललं.

दुपारी सँडविचं खाता खाता कर्स्टन आर्लिसपाशी आली. म्हणाली, नव्या खुर्च्या रुंद आहेत, त्यामुळे प्रत्येक ओळीत एकेक जागा कमी होते. पण तुमच्या सहाव्या ओळीचं नशीब बघा, तुम्ही माणसं दहा आणि खुर्च्याही बरोबर दहा, कुणालाच हलायला नको. मुलगी खूष होऊन सांगत होती. आर्लिसने हातातलं सँडविच खाली ठेवलं.

दहा खुर्च्या, दहा माणसं. म्हणजे लव्हॉनची जागा गेली.

डेल्मार लांब टोकाला बोल्टवर तेल सोडत बसला होता. बाकीचे सगळे मोहरीच्या बाटलीभोवती जमले आणि दबक्या आवाजात खल सुरू झाला. रोलँड म्हणाला, मी आणि मार्व्हेल जातो सातव्या ओळीत, जागा राहू दे. मार्व्हेल म्हणाली, मी कशाला जाऊ, तू जा. आयोन म्हणाली, नाहीतरी माझी पाठ दुखते, मी मागे भिंतीला टेकून बसेन. एकेक करून सगळेच उठायला तयार. सगळे उठले असते तर डेल्मार दहा खुर्च्यांत एकटा बसला असता, हे काही कुणाच्या ध्यानात आलं नाही. कर्स्टनला विचारलं तर ती म्हणाली, खुर्ची रिकामी ठेवता येणार नाही, तिचं तिकीट खपवावं लागतं. तेव्हा रोलँडने ठरवून टाकलं की सगळ्यांनी मिळून लव्हॉनच्या नावाने सीझनचं तिकीट काढायचं. मेलेल्या बाईचं तिकीट. आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

आर्लिसने एवढंच म्हटलं की आधी डेल्मारला विचारलं पाहिजे. सगळे मोहरीच्या बाटलीकडे बघू लागले. सहा वर्षांत त्या जागेचा विषय कुणी त्याच्यासमोर काढला नव्हता. लव्हॉनचं नावसुद्धा त्या ओळीत कुणी घेत नसे, उगीच जखमेला हात कशाला लावा. शेवटी रोलँड म्हणाला, "तूच विचार. जागा तूच दाखवतेस सगळ्यांना."

मग तिला जावंच लागलं.

आमच्याकडे घरात बसून महत्त्वाचं बोलायची रीत नाही. घरात हवापाणी, मका, गुडघेदुखी. उठून दाराशी आलं की जरा मुद्द्याकडे वळायचं. अंगणात आणखी थोडं. आणि खरं जे काय असेल ते गाडीच्या काचेतून, गाडी सुरू झाल्यावर. आर्लिस नोव्हेंबरात गेली, आंबट रूबार्बच्या देठांच्या वड्या घेऊन. डेल्मारने कॉफी केली. हवा झाली, मका झाला, गुडघे झाले. दाराशी आले, अंगणात आले, तिने गाडी सुरू केली, काच खाली केली, आणि डेल्मारला सांगितलं की छपराच्या पन्हळीत पाला साचलाय, काढून घ्या. आणि निघून आली. रोलँड तिला म्हणाला, मला बसमध्ये तुझ्यापेक्षा धीट पोरं भेटलीत, दुसरीतली. फेब्रुवारीत ती पुन्हा गेली. पन्हळ साफ झालेली दिसली, तिचं कौतुक करून परत आली.

मार्चअखेर बर्फ वितळला आणि मैदानावर खुर्च्या बसल्या. हिरव्या, चकचकीत, दोन खुर्च्यांच्या मध्ये कोपर टेकायला एकेक हात, आणि पेला ठेवायला खोबण. पाठीवर नंबर. आर्लिस एकटी जाऊन सहाव्या ओळीसमोर उभी राहिली. तिने ती जागा शोधायचा प्रयत्न केला. जुनी फळी कुठून कुठपर्यंत होती, लव्हॉन नक्की कुठे बसायची, चौथ्या खुर्चीत की पाचव्या? कळेना. तिला भयंकर राग आला. प्लॅस्टिकचा आला, लीगचा आला, ड्वेनचासुद्धा आला, त्याचा यात काडीचा संबंध नव्हता तरी. तशीच रागात ती गाडीत बसली आणि डेल्मारकडे गेली.

या वेळी कॉफी घेताना ती काही बोललीच नाही. डेल्मारनेच एकट्याने हवा आणि मका उरकला. ती गाडीत बसली, किल्ली फिरवली, काच खाली केली. डेल्मार दारावर हात टेकून उभा राहिला.

"नव्या ओळीत एक जागा कमी झालीय," ती म्हणाली.

"हं. ऐकलं."

"लव्हॉनची." आणि नाव तोंडातून निघून गेल्यावर तिला श्वास घ्यावा लागला. "आम्ही ठरवलंय की तिचं तिकीट काढायचं. म्हणजे तुम्हाला चालणार असेल तर. आमच्यापैकी एकजण मागे बसेल. तुम्ही नुसतं हो म्हणा."

गाडीचं इंजिन घरघरत होतं.

"तुम्हाला सगळ्यांना ती जागा इतकी हवी आहे?" त्याने विचारलं.

"आम्हाला? अहो, तुमच्यासाठीच ठेवलीय ना."

"माझ्यासाठी?"

"मग कुणासाठी?"

डेल्मारने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. म्हणाला, "पहिल्या दिवशी रोलँड लांब बसला. मला वाटलं, त्याला तिची आठवण येते, त्याच्याने जवळ बसवत नाही. तू पुसून ठेवायचीस. मला वाटलं, तुला बरं वाटतं. एवढ्या मायेने करताय, तर नको कसं म्हणायचं? म्हटलं, राहू दे. तुमचं मन मोडायला नको."

आर्लिसने गाडी बंद केली. आमच्याकडे असं होत नाही. काचेतून बोलताना गाडी बंद करणं म्हणजे फारच झालं.

"तो डुकरंवाला आला होता बघ," डेल्मार म्हणाला. "गारांनी त्याच्या गोठ्याचं छप्पर उडालं आणि एक डुकरीण थेट शेजारच्यांच्या ओसरीवर जाऊन बसली, इथपर्यंत सांगितलं होतं त्याने. तेवढ्यात रोलँडने त्याला उठवलं. पुढे काय झालं मला अजून माहीत नाही."

आर्लिसला हसू आलं. हसता हसता ते रडूच झालं, आणि तिला रुमाल सापडेना. डेल्मारने खिशातला दिला, त्याला ग्रीसचा वास येत होता.

"आणि ती फळी," तो म्हणाला. "गॅरेजमध्ये ठेवलीय. फार छान घासलीय त्याने. तिचं काय करायचं ते मला कळत नाही." मग गाडीच्या दाराकडे बघत तो म्हणाला, "नदीकडचं वारं त्या बाजूने येतं, आर्लिस. ती होती तेव्हा लागत नसे. सहा वर्षं माझी ती बाजू गार पडते."

ती एवढंच म्हणाली की चूक झाली, फार मोठी चूक झाली. डेल्मारने मान हलवली. "चूक कसली? एवढी माणसं जातात गावातली. कुणाची जागा सहा वर्षं राखतात लोक? मी घरी जाऊन दर वेळी तिच्या फोटोला सांगायचो, आज चार जुलै होता, माणसं जिन्यावर बसली, पण तुझ्या जागेवर कुणाला बसू दिलं नाही. थंडी वाजली ती वाजली. पण तुमचे उपकार मी विसरणार नाही."

रोलँडच्या घरी बाकीच्यांना हे सांगितलं तेव्हा मार्व्हेलने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आयोन म्हणाली, अरे देवा, आणि ती बाई एरवी देवाचं नाव चर्चबाहेर घेत नाही. रोलँड मात्र भडकला. सहा वर्षं जागा सोडायची म्हणून मी एका कुल्ल्यावर बसून सामने बघितले, तो म्हणाला, माझं कंबरडं वाकडं झालं, डॉक्टरला वाटलं बस चालवून झालं. आणि हा बाबा तिकडे कुडकुडत होता! बराच वेळ तो असा तणतणत होता. मग खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि कुणी बघू नये म्हणून नाक शिंकरत राहिला.

एप्रिलात पहिला सामना. थंडी अशी की पॉपकॉर्नवाल्या मुलीने दोन टोप्या घातलेल्या. डेल्मार आधीच येऊन बसला होता. तो यायच्या आधीच आर्लिसने दहाही खुर्च्या पुसल्या होत्या, सारख्याच पुसल्या होत्या. बाकीचे नऊ जण आले आणि जिन्यात अडकले. डेल्मारच्या वाऱ्याच्या बाजूची खुर्ची सगळ्यांनाच माहीत, पण तिच्यात बसायचं कुणी? रोलँड आयोनला म्हणाला, तू बस. आयोन म्हणाली, छे, मार्व्हेलचा मान. मार्व्हेल म्हणाली, माझं काय, मी कुठेही बसेन. मागे लोक खोळंबले. राष्ट्रगीत झालं, पहिला चेंडू पडला, आणि यांचं अजून आपलं तू बस, तू बस.

"रोलँड," आर्लिस म्हणाली, "इथे बस."

रोलँड बसला.

बसला खरा, पण आता खुर्चीचा हात होता. दोघांच्या मध्ये एकच हात. रोलँडने आपला कोपर पोटाशी घेतला, कारण तो डेल्मारचा. डेल्मारनेही आपला कोपर पोटाशी घेतला, कारण तो रोलँडचा. एक इनिंग गेली, दोन गेल्या, आणि मधला हिरवा हात रिकामाच. आर्लिस खालच्या पायरीवरून बघत होती. तिच्या डोक्यात तिडीक गेली. ही माणसं आता या चार बोटांच्या प्लॅस्टिकवर आणखी सहा वर्षं काढणार होती. ती वर आली, रोलँडचं मनगट धरून त्याचा हात तिथे ठेवला, मग डेल्मारचं धरलं आणि त्याचाही तिथेच ठेवला. "मावतात दोन," म्हणाली.

मावले. खांद्याला खांदा लागला तेव्हा डेल्मार जरासा कलला आणि तसाच राहिला.

आणि मग तो बोलायला लागला. लव्हॉन गेल्यापासून डेल्मार अबोल झाला असं सगळं गाव म्हणायचं. दुःखाने झाला म्हणायचे. त्याला शेजारी माणूस नव्हतं, एवढंच होतं ते. आधी पिचरच्या डाव्या पायाबद्दल बोलला, मग पंचाच्या चष्म्याबद्दल. मग सहज, काही विशेष नसल्यासारखं म्हणाला, "लव्हॉनला हा असला डावरा पिचर कधी आवडला नसता."

सहावी ओळ जागच्या जागी थिजली. डेल्मारला पत्ताही नव्हता. तो सांगत होता की लव्हॉनचं दर हिवाळ्यात ठरलेलं असायचं, जानेवारी लागला की खिडकीशी जाऊन बसायची आणि विचारायची, एप्रिल कधी येतो? डेल्मार म्हणायचा, तुला बेसबॉलचं एवढं काय लागून गेलंय? तर म्हणायची, बेसबॉल गेलं खड्ड्यात, माझी पोरं कधी भेटतील ते सांग. नॅडीनसाठी पेन्सिली आणून ठेवायची. कर्ट आता केवढा झाला असेल म्हणून दाराच्या चौकटीवर अंदाजाने खुणा करायची.

आर्लिस पायरीवर तशीच उभी होती. डेल्मारने मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"तुझे आभार मानायचे होते तिला," तो म्हणाला. "कितीदा घरून ठरवून यायची. म्हणायची, त्या बाईने दोन पोरं माझ्या मांडीवर आणून दिली, अशी कोण देतं? पण तू हाती लागशील तर ना. तिने तोंड उघडलं की तुला लगेच दुसरीकडे कुठलातरी बाक पुसायचा असायचा."

खाली जिन्यापाशी एक कुटुंब हातात हॉटडॉग घेऊन जागा दाखवायची वाट बघत उभं होतं. बापाने हात वर करून खूण केली. एरवी आर्लिस तशीच वळून गेली असती. या वेळी ती गेली नाही. तिने त्यांना हातानेच थांबायला सांगितलं, सहाव्या ओळीच्या टोकाशी पायरीवर बसली, आणि डेल्मारला म्हणाली, "आणखी काय म्हणायची ती?"

डेल्मार सांगू लागला.